आरोग्यविचार : रक्ताचा कर्करोग आणि घरांतील विखुरलेल्या खुणा

एकत्र कुटुंबांत दुखणाइताची शुश्रूषा उत्तम होते. परंतु दुखणें ओळखण्याच्या कामीं अशा घराची पुष्कळदां फसगत होते. मुलाला पंधरा दिवस सायंकाळीं कणकण येते हें आईस ठाऊक असतें. त्याच्या पिंढरीवरील काळेनिळे डाग काकूंनीं पाहिलेले असतात. दांत घांसतांना रक्त येतें हें आजोबांच्या दृष्टीस पडतें. प्रत्येकजण आपापला उपाय सांगतो, काढा, तेल, तुरटीच्या गुळण्या. परंतु तिन्ही गोष्टी एकत्र मांडून त्या डॉक्टरांच्या कानीं घालणारा कोणी नसतो. आणि रक्ताचा कर्करोग तर पुष्कळदां अशा विखुरलेल्या खुणांनींच प्रकट होतो.

ह्याचें कारण उघड आहे. रक्तांतील पेशी हाडांच्या पोकळींतील मज्जेंत तयार होतात. तेथें विकृत श्वेतपेशींची बेसुमार वाढ झाली म्हणजे निरोगी पेशींस जागा उरत नाहीं. तांबड्या पेशी घटल्या कीं फिकटपणा, धाप व थकवा येतो. कार्यक्षम श्वेतपेशी घटल्या कीं ताप पाठ सोडीत नाहीं. प्लेटलेट घटल्या कीं हिरड्यांतून किंवा नाकांतून रक्त येतें. त्वचेवर टांचणीच्या टोंकाएवढे तांबडे ठिपके उठल्यास त्यांवर कांचेचा पेला दाबून पाहावा. दाबूनही न मावळणारे ठिपके बहुधा त्वचेखालील रक्तस्रावाचे असतात. डेंग्यूमध्येंही ते दिसतात. कारण कोणतेंही असो, त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें.

सर्वच प्रकार इतके झपाट्याचे नसतात. मानेंत, कांखेंत वा जांघेंत न दुखणारी गांठ तीन-चार आठवडे टिकून राहणें, रात्रीं अंथरूण भिजविणारा घाम येणें, विनाकारण वजन उतरणें; प्लीहा वाढल्यामुळें डाव्या बरगड्यांखालीं जडपणा वाटून दोन घासांतच पोट भरणें; वृद्धांत, विसांव्यानेंही न थांबणारी पाठदुखी आणि तिच्या जोडीला पंडुरोग, ह्या खुणा वयावर ढकलूं नयेत.

सुनेच्या थकव्याला तर आपल्याकडे दुखण्याचा मानच मिळत नाहीं! फार झालें तर लोहाच्या गोळ्या आणून दिल्या जातात. अशा थकव्याचें कारण बहुतांशीं लोहाची उणीवच असतें, म्हणून भयभीत होण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु महिनाभर गोळ्या नियमित घेऊनही रक्त वाढलें नाहीं, किंवा सोबत ताप, गांठ वा डाग असले, तर पुन्हां तपासणी करावी. सी. बी. सी. ही तपासणी थोडक्या खर्चांत होते. तिच्याबरोबर रक्ताचा थर कांचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावा कीं काय, हें डॉक्टरांस अवश्य विचारावें. गांठ मात्र हा अहवाल निर्दोष आला तरी दुर्लक्षूं नये. अस्थिमज्जेच्या परीक्षेचा बाऊ पुष्कळांस वाटतो. ती बहुधा कमरेच्या हाडांतून, जागा बधिर करून होते. पाठीच्या कण्यांतून पाणी काढणें ही निराळी गोष्ट.

एक धोका विशेष सांगावयाचा आहे. हाडें दुखतात म्हणून निदानापूर्वीं स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्यास कांहीं काळ रोगी बरा दिसतो आणि खरा रोग झांकला जातो. शेजारच्या घरीं गुण आलेल्या गोळ्या म्हणून त्या आपल्या मुलास कधींही देऊं नयेत.

१९४८ सालीं बोस्टन येथें सिडने फार्बर ह्यांनीं अमिनोप्टेरिन ह्या औषधानें रक्ताच्या कर्करोगानें आजारी मुलांत रोग तात्पुरता हटल्याचें दाखविलें. तें औषध आपल्या भीमावरमच्या येल्लाप्रगड सुब्बाराव ह्यांच्या देखरेखीखालीं सिद्ध झालें होतें. आज योग्य उपचार मिळालेलीं, तीव्र लिंफोब्लास्टिक प्रकारचीं बहुसंख्य मुलें पूर्ण बरीं होतात. मुंबईस परळचें टाटा रुग्णालय १९४१ पासून ह्याच कार्यास वाहिलेलें आहे.

तरीही उपवर मुलीच्या घरीं ही गोष्ट लपविली जाते, आणि लपविण्याच्या भरांत तपासणी लांबते. हा रोग संसर्गानें पसरत नाहीं, व बहुधा वंशपरंपरेनेंही येत नाहीं. वधूपक्षानें आणि वरपक्षानेंही हें जाणावें. डॉक्टरांकडे जातांना तापाची तारीखवार नोंद, जुने रक्ताचे अहवाल आणि घरांतील काढ्या-मात्रांसह चालू असलेल्या सर्व औषधांची यादी बरोबर न्यावी.