भंगारातल्या छत्र्या शाळेत न्या

नांदेडहून आलेला रस्ता जेथे हिंगोली व यवतमाळ अशा दोन वाटांना लागतो, त्या वारंगा फाट्यावर गच्च्यागच्च्यांवरील दूरचित्रवाणीच्या छत्र्या आग्नेयेकडे तोंड करून उभ्या असतात. आणि करमणूक मोबाईलात शिरल्यापासून त्यांतील पुष्कळशा केवळ भंगारवाल्याची वाट पाहत गंजत आहेत. या टाकाऊ जिनसा हिंगोली जिल्हा परिषदेने रीतसर ठराव करून शाळांकडे वळवाव्यात, अशी माझी सूचना आहे.

विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरील उपग्रह पृथ्वीच्या परिवलनाशी मेळ राखून फिरतो, म्हणून आपणांस तो स्थिर भासतो. तेथून येणारे तरंग मात्र अतिशय क्षीण असतात. छत्रीच्या अन्वस्त (पॅराबोलिक) पृष्ठभागाचा गुण असा, की अक्षाला समांतर आलेला किरण पत्र्यावर कोठेही आदळो, तो नाभीतच पोचतो, आणि सर्व किरणांनी कापलेले अंतर सारखेच भरत असल्यामुळे तेथे ते परस्परांना बळ देतात. घरगुती छत्री ही मोठ्या अन्वस्ताची एका बाजूची कातळी असल्याने ती दिसते त्याहून बरीच वर पाहत असते, आणि पुढे आलेल्या दांड्यावरील, तरंग टिपणाऱ्या एलएनबीची सावली तिच्यावर पडत नाही. मुसळधार पावसात चित्र गोठते ते अडीचएक सेंटिमीटर लांबीचे हे तरंग थेंबांत शोषले व विखुरले गेल्यामुळे. त्यात केबलवाल्याचा बिचाऱ्याचा दोष नसतो.

जुन्या छत्र्यांतून विज्ञान उभे राहते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. ऑस्ट्रेलियाने वापरून बाजूला ठेवलेल्या सहा फूट व्यासाच्या 32 छत्र्या रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी 1965 साली कल्याणजवळ मांडून सूर्याचे रेडिओ-निरीक्षण आरंभिले. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली जुन्नर तालुक्यातील खोडदच्या परिसरात 45 मीटर व्यासाच्या 30 छत्र्यांची दुर्बीण साकारली. तिचे तरंग लांब असल्यामुळे पत्र्याऐवजी तारेची जाळी पुरली, वाऱ्याचा भार घटला आणि खर्चही आटोक्यात राहिला. ही काटकसर मला त्या दुर्बिणीच्या भव्यतेहूनही थोर वाटते.

शाळेतला प्रयोग तर याहून सोपा: छत्री बसविणाऱ्या कारागिराजवळील, संकेताचे बळ दाखविणारा सॅटफाइंडर एलएनबीला जोडून छत्री मोकळ्या आकाशाकडून सूर्याकडे वळविली, की काटा चढतो. एलएनबीपुढे नुसता तळहात धरला, तरी देहाच्या उष्णतेने तो हलतो. याच हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला 2023 साली केंद्राची मंजुरी मिळाली आहे. तेव्हा एवढ्या प्रयोगासाठी लागणारी किरकोळ तरतूद शिक्षण विभागाने अभ्यासक्रमाची सबब न सांगता येत्या अंदाजपत्रकातच करावी.