निव्वळ शून्य : पण वही कोणाची?

शास्त्रीय लेखनाचा अनुवाद करणाऱ्यास पुष्कळदा परकीय शब्दांपेक्षा स्वकीय शब्दांचीच अधिक धास्ती वाटते. ‘नेट झीरो’ या संज्ञेसाठी मराठीत ‘निव्वळ शून्य’ हा शब्दप्रयोग होऊ लागला आहे. व्यापारी ‘निव्वळ नफा’ म्हणतो, तेव्हा खर्च वजा जाता उरलेली रक्कम त्याच्या मनात असते. परंतु ‘हे निव्वळ थोतांड आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच शब्दाचा अर्थ ‘केवळ’ असा होतो. म्हणून ‘निव्वळ शून्य उत्सर्जन’ हे शब्द वाचून शाळकरी मुलाने धूर अजिबात नाहीसा होणार असे समजावे, यात त्याचा दोष नाही. वास्तविक ही जमाखर्चाची भाषा आहे. मानवी व्यवहारांतून जितका कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तितकाच मानवी प्रयत्नाने हवेतून काढून घेऊन टिकाऊपणे साठविला, म्हणजे बाकी शून्य राहते. आणि जमाखर्च म्हटला की पहिला प्रश्न उपस्थित होतो, तो वही कोणाची हा.

उदाहरणादाखल कोलकात्याच्या नैर्ऋत्य भागातील बेहाला ही वस्ती घेऊ. येथील डायमंड हार्बर मार्गावरून पूर्वी विजेची ट्राम धावत असे. १९८६ साली ती जोकापर्यंत वाढविण्यात आली आणि मेट्रोच्या बांधकामामुळे २०११ साली बंद पडली. ३० डिसेंबर २०२२ रोजी जोका ते तारातला हा मेट्रोमार्ग सुरू झाला. मार्च २०२४ मध्ये तो माझेरहाटपर्यंत पोहोचला. ही गाडी विजेवर चालते. तिच्यामागे धुराची रेघ उमटत नाही. फलाटावरील प्रवाशास हे वाहन शून्य उत्सर्जनाचे वाटते, आणि केवळ गाडीपुरते पाहिल्यास ते खरेही आहे.

परंतु वीज ही आकाशातून पडत नाही. पश्चिम बंगालातील बहुतांश वीज आजही कोळशापासून निर्माण होते. कोलकात्यास वीज पुरविणारे एक ७५० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र बेहालाच्या पश्चिमेकडे, हुगळीच्या काठी बजबज येथे आहे. कोळशातील १२ ग्रॅम कार्बन जळला की ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मग दिवा कोठेही लागो. बजबज हे कोलकाता महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर आहे. शहराने आपली वही हद्दीपाशीच मिटली, तर बेहालातील दिव्याचा उजेड शहराच्या खाती आणि धूर मात्र दुसऱ्याच्या खाती जाईल. महाराष्ट्रातही हाच प्रश्न आहे. चंद्रपूरच्या वीजकेंद्राचा धूर चंद्रपूरकरांच्या डोक्यावर असतो. वीज मात्र राज्यभर खेळते. मुंबई महानगरपालिकेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात २०५० पर्यंत निव्वळ शून्य गाठण्याचा संकल्प आहे. असे संकल्प वाचताना बाहेरून आलेली वीज हिशेबात धरली आहे काय, हे प्रथम पाहावे.

संस्थेची वही याहून निराळी. कोलकात्याची मेट्रो ही भारतीय रेल्वेचाच एक विभाग आहे, आणि भारतीय रेल्वेने २०३० पर्यंत निव्वळ शून्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. ते स्तुत्यच होय. तथापि रेल्वेच्या मालवाहतुकीत सर्वांत मोठा वाटा कोळशाचा असतो. तो कोळसा भट्टीत जळतो, तेव्हा त्याचा धूर रेल्वेच्या नव्हे, तर वीजकेंद्राच्या वहीत नोंदला जातो. यात कोणी लबाडी करतो असे नाही. सांगावयाचे इतकेच की, शून्य गाठणारी संस्था आणि धूर थांबलेला देश या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आता जमेची बाजू पाहू. बहुधा तेथे वृक्ष मांडलेले असतात. वृक्ष कार्बन शोषून घेतो हे निर्विवाद आहे. पण तो तोडला, जळला वा कुजला म्हणजे तो कार्बन पुन्हा हवेत जातो. उलट कोट्यवधी वर्षे भूगर्भात असलेला कोळसा एकदा जळला, की त्याच्या वायूचा काही अंश सहस्रावधी वर्षे वातावरणात राहतो. दीर्घ मुदतीचे कर्ज अल्प मुदतीच्या ठेवीने फिटले असे कोणताही सावकार मान्य करणार नाही. वृक्ष अवश्य लावावेत. मात्र कोळसा जाळण्याचा परवाना म्हणून ते लावू नयेत.

राष्ट्रांच्या वह्यांत आणखी एक भेद आहे. युरोपीय संघाने २०५०, चीनने २०६०, तर भारताने नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे २०७० हे वर्ष जाहीर केले. शून्य तेच, तारखा निराळ्या. हे न्याय्य आहे काय? माझ्या मते आहे. भारतात दरडोई वार्षिक कार्बन डायऑक्साइड सुमारे २ टन, तर अमेरिकेत सुमारे १४ टन निघतो. ज्याने आधी व अधिक उचलले, त्याने आधी फेडावे. परंतु मुदत लांब मिळाली म्हणून हप्ता उद्यावर ढकलावा असा याचा अर्थ नव्हे. वातावरणाची वही सर्वांत कठोर असते. तिला नगरपालिकेची हद्द ठाऊक नाही आणि तारखांची सवलतही ठाऊक नाही. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत सुमारे २८० भाग असलेला हा वायू आता ४२० भागांच्या वर गेला आहे. जगाची बाकी शून्य झाली, तरी तापमानाची वाढ जवळजवळ थांबेल इतकेच. झालेली वाढ लगेच ओसरणार नाही.

यास्तव शिक्षकांना व ग्रंथपालांना माझी एक विनंती आहे. ‘निव्वळ शून्य’ हे शब्द जेथे आढळतील, तेथे विद्यार्थ्यांना चार प्रश्न विचारावयास शिकवावे : वही कोणाची? त्यात केवळ कार्बन डायऑक्साइड धरला आहे, की मिथेनसारखे इतर वायूही? जमेस काय मांडले आहे? आणि मुदतीपूर्वीचे हप्ते कोणते? या प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर तो शब्द हिशेबाचा ठरतो. ती न मिळाली, तर ‘निव्वळ’ या शब्दाचा दुसरा अर्थच खरा मानावा लागेल.