ब्रेल येतंय ना? मग फोनवर बोटांनी लिहा

ज्यांना ब्रेल येतं आणि ज्यांच्या खिशात स्मार्टफोन आहे, त्यांना एक विनंती आहे. फोनला सगळं बोलून सांगायची सवय थोडी कमी करा आणि बोटांनी लिहायला लागा. त्यासाठी तळहातावर मावणारे ब्रेल कीबोर्ड मिळतात. फोन खिशात किंवा पिशवीत राहतो, कीबोर्ड ब्लूटूथने त्याला जोडलेला असतो. आलेला कॉल घेणं, मेसेज लिहिणं, ॲप उघडणं, मागे जाणं, सगळं त्यावरून होतं. काचेवर बोट फिरवत बटण शोधत बसावं लागत नाही.

बोलून लिहिण्याला मी नावं ठेवत नाही. ‘पोचलो, काळजी नको’ एवढंच कळवायचं असेल तर माइकचं बटण दाबावं, बोलावं आणि मोकळं व्हावं. पण स्वारगेटच्या स्टँडवर उभं राहून हे करून बघा. तुमच्या वाक्यात कंडक्टरची आरोळी आणि शेजारच्यांचं भांडण दोन्ही उमटतात. शिवाय काही गोष्टी मोठ्याने बोलायच्या नसतात. डॉक्टरांना काय होतंय ते कळवायचं असतं, साहेबांकडे रजा मागायची असते, भावाला जमिनीच्या वाटणीबद्दल दोन शब्द लिहायचे असतात. डोळस माणूस लोकलच्या गर्दीत चेंगरून उभा असला तरी हे सगळं गुपचूप लिहितो. तेवढा आडोसा आपल्यालाही हवा.

आणि शुद्धलेखन. शिर म्हणजे डोकं, शीर म्हणजे रक्तवाहिनी. तुम्ही बोललात की यंत्र त्यातलं एक आपल्या मनाने निवडतं आणि वाचून दाखवताना दोन्ही सारखीच ऐकू येतात. ऱ्हस्व-दीर्घ कानाला धड कळत नाही, कारण बोलताना आपण तो फरक पाळतोच कुठे? लहानपणापासून फक्त ऐकत आलेलं मूल हुशार असतं, गोष्टी भरभर सांगतं, पण लिहायला बसवलं की ‘विद्यार्थी’ शब्दापाशी अडतं. जोडाक्षर कसं बांधलं जातं ते त्याच्या हाताला कधी लागलेलंच नसतं. अंध मुलांना फोन आणि लॅपटॉप मिळाले की ब्रेल मागे टाकायचं, ही जी पद्धत पडत चालली आहे ती मला अजिबात पटत नाही.

शाळेत पर्किन्स ब्रेलर हाताळला असेल तर हा कीबोर्ड तुम्हाला जवळजवळ येतोच. अमेरिकेतल्या पर्किन्स अंधशाळेत डेव्हिड अब्राहम यांनी घडवलेला तो ब्रेलर १९५१ पासून तयार होऊ लागला. साडेचार-पाच किलोचं ते धूड होतं, पण कळांची मांडणी आजही तीच आहे. डाव्या हाताची तर्जनी पहिल्या ठिपक्यावर, मधलं बोट दुसऱ्यावर, अनामिका तिसऱ्यावर. उजव्या हाताला तसेच चार, पाच, सहा. एका अक्षराचे सगळे ठिपके पेटीवर सूर धरावेत तसे एकदम दाबायचे. बहुतेक छोट्या कीबोर्डांना आणखी दोन कळा असतात, खोडण्यासाठी आणि पुढच्या ओळीसाठी. पाटी आणि स्टायलसवर शिकलेल्यांना सुरुवातीला थोडं चुकल्यासारखं होईल, कारण पाटीवर आपण उजवीकडून डावीकडे, उलटे ठिपके टोचतो. इथे वाचताना बोटाला जसे लागतात तसेच सरळ ठिपके द्यायचे. हात लवकरच वळतो.

आता फोन चालवण्याबद्दल. ॲपल आणि अँड्रॉइड दोन्हीकडे मूळ खुणा सारख्याच आहेत: स्पेसबरोबर चौथा ठिपका दाबला की पुढच्या गोष्टीवर, स्पेसबरोबर पहिला दाबला की मागच्या गोष्टीवर. स्पेस आणि एक-दोन-पाच म्हणजे होम. स्पेस आणि एक-दोन म्हणजे एक पाऊल मागे. ह्या खुणा इंग्रजी अक्षरांवरून घेतलेल्या आहेत, पण मराठी ब्रेल शिकलेल्याला त्या परक्या वाटत नाहीत. १९५१ सालीच भारती ब्रेल ठरलं, तेव्हा ज्या आपल्या अक्षरांचा उच्चार इंग्रजी अक्षराच्या जवळचा होता त्यांना शक्यतो तेच ठिपके दिले गेले. म्हणून एक-दोन-पाच हा आपला ‘ह’ आहे आणि एक-दोन हा ‘ब’. ‘ह’ होमचा, ‘ब’ बॅकचा. अँड्रॉइडवर नोटिफिकेशन उघडायला स्पेसबरोबर ‘न’ द्यायचा. आयफोनवर स्पेस आणि ‘क’ दाबलं की सरावाची सोय सुरू होते. मग कुठलीही खूण दाबा, ती काय करते ते फोन फक्त सांगतो, प्रत्यक्षात काही करत नाही. नवीन माणसाने पहिला दिवस तिथेच काढावा. काही कीबोर्डांच्या खुणा वेगळ्या असतात. नेदरलँड्सच्या हेबल वनला तर वेगळा स्पेसबारच नाही, आठ कळांतच सगळं बसवलेलं आहे. त्यामुळे सोबतची माहिती आधी नीट ऐका.

पण थांबा, लगेच पैसे काढू नका. फोनमध्ये ब्रेलने लिहायची सोय फुकट आहे आणि आधी तीच वापरून बघा. आयफोनवर ती २०१४ पासून आहे, अँड्रॉइडच्या टॉकबॅकमध्ये २०२० पासून. टॉकबॅकच्या किंवा आयफोनच्या व्हॉइसओव्हरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती सुरू करा. फोन आडवा धरा, पडदा तुमच्याकडे नाही, समोरच्या माणसाकडे. मागून दोन्ही हातांची तीन-तीन बोटं काचेवर येतात आणि काचेचेच सहा ठिपके होतात. एक बोट उजवीकडे सरकवलं की जागा सुटते, डावीकडे सरकवलं की शेवटचं अक्षर खोडलं जातं. फोन टेबलावर पडदा वर करून सपाट ठेवूनही लिहिता येतं. महिनाभर असं लिहा. ठिपके विसरलेले असतील तर ते आठवतील आणि ही गोष्ट तुम्हाला मानवते का तेही कळेल. ज्यांचं भागेल त्यांनी कीबोर्ड घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग कीबोर्ड कुणी घ्यावा? ज्यांना रोज भरपूर लिहायचं असतं, त्यांनी. काचेला उंचवटा नसतो, बोटं हळूहळू जागा सोडतात आणि ‘स’चा ‘त’ होतो. घामट हातांनी तर विचारूच नका. कळ मात्र बोटाखाली हलते आणि दाबली गेली की हाताला समजते. काही कीबोर्ड, ऑर्बिट रायटर त्यातलाच, थरथरूनही इशारा देतात. असेच कीबोर्ड एकापेक्षा जास्त उपकरणांना जोडता येतात, म्हणजे फोन आणि ऑफिसचा संगणक दोन्ही एकाच कीबोर्डवर चालतात. ब्रेल डिस्प्ले वेगळा, हे लक्षात ठेवा. त्यात ठिपके वर-खाली होऊन मजकूर बोटांनी वाचता येतो आणि ती बारीक यंत्रणा महाग पडते. नुसत्या कीबोर्डात वाचायची सोय नसते, म्हणून तो कितीतरी स्वस्त असतो. ऐकू येणाऱ्याला तो पुरतो. दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही अशा माणसाला डिस्प्लेच लागतो. त्याला नुसता कीबोर्ड घेऊन देणं म्हणजे पैसे वाया.

मधुमेहाने मध्यम वयात नजर गेलेल्यांनी हा परिच्छेद जरूर ऐकावा. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या बोटांची संवेदना बोथट झालेली असते. कागदावरचे ठिपके जाणवत नाहीत, म्हणून ‘ब्रेल आता आपल्याला जमायचं नाही’ म्हणून ते विषय सोडून देतात. पण ब्रेल वाचायला बोटाचं टोक तल्लख लागतं, लिहायला लागत नाही. कळ दाबता आली आणि कोणत्या अक्षराचे ठिपके कोणते हे पाठ असलं की झालं. उत्तर कानाने ऐकायचं. मुळाक्षरं पाठ करायला घरातल्या शाळकरी नातवाला सोबत घ्या. त्याला ती तुमच्याआधी पाठ होतील आणि तो तुम्हाला चुका काढून दाखवील, एवढी तयारी ठेवा.

विकत घेताना मात्र चोखंदळ राहा, विशेषतः मराठीच्या बाबतीत. ठिपक्यांचं अक्षर दोन ठिकाणी होऊ शकतं. काही कीबोर्ड ठिपके जसेच्या तसे फोनकडे पाठवतात आणि फोन त्यांची अक्षरं करतो. तिथे फोनच्या ब्रेल भाषांच्या यादीत मराठी हवी. दुसऱ्या प्रकारात कीबोर्ड स्वतःच अक्षर तयार करून पाठवतो. तिथे मराठी कीबोर्डाच्या आत हवी, फोनमध्ये असून उपयोग नाही. विक्रेत्याला हे सरळ विचारा. ‘सगळ्या भाषा चालतात’ ह्या उत्तरावर विश्वास ठेवू नका. त्याच्यासमोर, तुमच्या स्वतःच्या फोनवर, लिहून बघा.

काय लिहायचं तेही सांगतो. ‘पुणे’ लिहा. भारती ब्रेलमधला ‘ण’ आणि आकड्याची खूण एकच, तीन-चार-पाच-सहा. आणि ‘ए’चे ठिपके म्हणजेच पाचाचा आकडा. मराठी नीट बसवलेली नसेल तर ‘पु’पुढे पाच उमटायची शक्यता असते. ‘ठाणे’ आणि ‘गणेश’ यांचंही तेच. मग ‘विद्यार्थी’ आणि ‘स्वच्छ’ लिहा. ब्रेलमध्ये हलन्ताचा चौथा ठिपका जोडाक्षराच्या आधी येतो आणि देवनागरीत तो मध्ये जातो, ही उलथापालथ यंत्राला जमते का ते इथे कळतं. पुढे ‘ज्ञानेश्वर’, ‘बाळ’, ‘तऱ्हा’, ‘ऑफिस’. प्रत्येक शब्द अक्षर-अक्षर करून ऐका, कारण सलग वाचताना यंत्राचा उच्चार चूक झाकून टाकतो. एवढं नीट आलं तर खुशाल घ्या. नाही आलं आणि तुमचं काम इंग्रजीत किंवा इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत चालत असेल, तरीही घ्या, पण मराठीचे पैसे मोजू नका.

जोडताना एक घोळ नेहमी होतो. काही कीबोर्ड फोनच्या साध्या ब्लूटूथच्या यादीतून जोडायचे असतात, तर ब्रेल उपकरण म्हणून ओळखले जाणारे कीबोर्ड व्हॉइसओव्हरच्या किंवा टॉकबॅकच्या ब्रेल सेटिंगमधून. चुकीच्या वाटेने गेलात तर जोडला गेल्याचा आवाज येतो, पण अक्षर काही उमटत नाही आणि माणूस कीबोर्ड खराब समजून परत करतो. आणखी एक: कीबोर्ड जोडलेला असताना पडद्यावरचा नेहमीचा कीबोर्ड बहुधा गायब होतो. घरच्या कुणी तुमचा फोन घेतला तर ‘हा बिघडला’ असं म्हणेल. कीबोर्ड बंद केला की तो परत येतो.

चालताना कीबोर्ड बाहेर काढू नका. त्याला दोन हात लागतात आणि एक हात काठीचा आहे. बाजूला उभे राहा, लिहा, ठेवा, मग चाला. रस्त्यावर इअरफोन एकाच कानात. ओटीपी आणि पासवर्डच्या वेळी मात्र इअरफोन हवाच, कारण तुम्ही न बोलता लिहिलं तरी फोन प्रत्येक आकडा मोठ्याने वाचून दाखवत असला तर काय उपयोग? आयफोनवर स्पेसबरोबर सहाही ठिपके दाबले की पडदा काळा होतो, फोन चालू राहतो. शेजाऱ्याच्या नजरेपासून तेवढी सुटका. काही ॲपांत पिनचे आकडे पडद्यावरच्या फलकावरच द्यावे लागतात. तिथे कीबोर्डवरून एकेका आकड्यावर जाऊन तो निवडावा लागतो. वेळ लागतो, पण होतं.

घरच्यांना दोनच गोष्टी सांगतो. आपला माणूस फोनवर चाचपडतोय असं दिसलं की ‘आण इकडे, मी करून देतो’ म्हणत फोन हातातून काढून घेऊ नका. त्याचा बँकेचा मेसेज तुम्ही वाचायची गरज नाही. आणि वाढदिवसाला काही द्यायचंच असेल तर आहे तो फोन नीट चालत असताना आणखी महागडा फोन आणू नका. त्या पैशात कीबोर्ड येईल. मात्र न विचारता आणू नका. कळा घट्ट की हलक्या, धरायचा कसा, हे ज्याच्या बोटांना वापरायचं आहे त्यानेच ठरवायचं.

हातात घेऊन बघण्यासाठी मुंबईत वरळीला अंधांसाठी काम करणारी नॅब ही संस्था आहे, सेंट झेवियर्स कॉलेजातलं एक्सआरसीव्हीसी हे केंद्र आहे, नॅबचं महाराष्ट्राचं काम नाशिकहून चालतं. जाण्याआधी फोन करून उपकरण बघायला मिळेल का ते विचारा. केंद्राच्या एडिप योजनेतून ठरावीक उत्पन्नाच्या आतल्यांना सहाय्यक साधनं मिळतात. अर्ज भरण्याआधी कीबोर्ड त्यात बसतो का ते लेखी विचारून घ्या. अंधशाळांच्या मुख्याध्यापकांना आणि देणगी देणाऱ्यांना एवढंच सुचवीन की दहा टॅब देण्याऐवजी नऊ द्या आणि एका टॅबच्या पैशात शाळेत एखादा ब्रेल कीबोर्ड ठेवा, तोही कपाटात कुलूप लावून नाही, वर्गात. आठवी-नववीच्या पोरांच्या हाती तो पडला की खुणा शिकवायला वेगळा मास्तर लागत नाही.