जानेवारीचे प्रवेश: आधी कागदावर मांडून पाहा

‘जानेवारीतही प्रवेश, मुलांचे वर्ष वाचले’ हे पत्र वाचले. पत्रलेखकांचा आनंद समजतो. वर्षातून दोनदा प्रवेश देण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने जून २०२४ मध्ये जाहीर केली, पण ती सक्ती नाही. शिवाय वाचतात ते सहा महिने, वर्ष नव्हे.

बारावीची पुरवणी परीक्षा दिलेल्या माझ्या भाचीसाठी मी चौकटीच्या वहीत पेन्सिलीने सहा सत्रे आखली. बीएस्सी, गणित. जानेवारीत कॉलेजात दुसरे सत्र चालू असते. म्हणजे पहिल्या सत्रातले कलनशास्त्र न शिकताच ती पुढच्या पेपरला बसणार! खोडरबर झिजला, पण गाडी रुळावर येईना. शेवटी भाषा, पर्यावरण, मूल्यशिक्षण असे सुटे विषय जानेवारीत आणि गणित जूनपासून, असे जेमतेम जुळले. सत्राचे वीस-बावीस श्रेयांक मात्र भरेनात. ‘स्वयम’च्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतून काही मिळवता येतील, पण ते कॉलेजने मान्य करायला हवे.

आणि जानेवारीत सुरू केलेली सहा सत्रे संपून डिसेंबरात पदवी हाती आल्यावर एमएस्सीचे दार जुलैतच उघडणार असेल, तर वाचलेले सहा महिने तिथेच खर्ची.

इग्नू या मुक्त विद्यापीठाला जानेवारी-जुलै जमते, कारण तिथे रोज वर्ग भरवायचे नसतात. मोहोळ-मंगळवेढ्याकडच्या छोट्या कॉलेजात तासिका तत्त्वावरचा एकच प्राध्यापक असेल, तर तो एकाच वेळी पहिले आणि दुसरे सत्र कसे शिकवणार? आपल्या अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाने जानेवारीचे प्रवेश द्यायचे ठरवलेच, तर अर्जाआधी विषयवार वेळापत्रक छापावे.

– एक पालक, सोलापूर