ब्लॉग काढणं सोपं आहे, पण त्यात आपलं गाव हवं



केंद्राच्या शिक्षण परिषदेत चहाच्या वेळेला एक प्रश्न हमखास निघतो. "सर, मलाही स्वतःचा ब्लॉग काढायचाय. शिकवाल का?" शिकवायला काहीच हरकत नाही. जीमेलचं खातं असलं की अर्ध्या तासात ब्लॉग तयार होतो, पैसा लागत नाही. पण त्याच्या पुढचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: "त्यात टाकायचं काय?" माझ्या मते आधी या प्रश्नाचं उत्तर शोधावं, मग ब्लॉग काढावा. आपल्या वर्गातलं आणि आपल्या गावातलं लिहायचं असेल तर प्रत्येक शिक्षकाने ब्लॉग काढावा. दुसऱ्याचंच उचलून टाकायचं असेल तर नाही काढला तरी चालेल.

ब्लॉगर ही सेवा १९९९ साली सुरू झाली आणि २००३ मध्ये गुगलने ती विकत घेतली. फुकट असल्यामुळे आपल्या शिक्षकांनी तीच जवळ केली. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला, 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला आणि कितीतरी गुरुजी-बाईंनी रात्री जागून, एकमेकांना फोन करून ब्लॉग उभे केले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा पालकांना अभ्यास पाठवायला हेच ब्लॉग उपयोगी पडले. ही मेहनत लहान नाही.

पण आत काय आहे?

आज कुठलेही दहा शैक्षणिक ब्लॉग उघडून बघा. शासन निर्णय, वेतनाची कोष्टकं, पुस्तकांच्या पीडीएफ आणि निबंध. जीआरचं ठीक आहे, ते शासनाच्या संकेतस्थळावर मिळतातच. मला काळजी वाटते ती निबंधांची. 'माझी शाळा', 'माझा आवडता ऋतू', 'पावसाळा' हे निबंध सगळीकडे त्याच वाक्यांनी सुरू होतात. पालक मोबाईलवर शोधतात, मूल वहीत उतरवतं, आपण लाल पेनने बरोबरची खूण करतो. तिघांचंही काम झालं. मुलाने लिहिलं मात्र काहीच नाही.

पावसाचंच बघा. नाणेघाटाकडच्या मुलाला पाऊस म्हणजे आठवडा आठवडा न दिसणारं ऊन, भात लावणी आणि न वाळणारे कपडे. त्याच जुन्नर तालुक्यातल्या अणे पठारावरच्या मुलाला पाऊस म्हणजे वाट बघणं. एकाच तालुक्यातल्या या दोन मुलांच्या वहीत 'पावसाळा' हा निबंध शब्दाला शब्द सारखा असेल, तर एका मुलाच्या तरी वहीत खोटं लिहिलंय. बहुतेक दोघांच्याही.

म्हणून मी म्हणतो, शिक्षकाच्या ब्लॉगवर तयार निबंध नकोत. मुलाला लिहितं करतील असे प्रश्न हवेत. "पहिला पाऊस पडला त्या दिवशी घरात कोण काय करत होतं?" "तुमच्या ओढ्याला पाणी कधी आलं?" असे पाच प्रश्न टाका. ते उतरवून काढता येत नाहीत, त्यांची उत्तरं द्यावी लागतात.

आपल्याकडे लिहायला काय कमी आहे?

जुन्नर-आंबेगावच्या शिक्षकाने विषय नाही म्हणावं, हे मला पटत नाही. वर्गात लगेच वापरता येतील अशी काही उदाहरणं देतो.

*नाणेघाटातले अंक.* घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. यज्ञात दान दिलेल्या गायींचे आणि नाण्यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. त्या पद्धतीत शून्य नाही. एककांना वेगळी चिन्हं, दहा-वीस-तीसला वेगळी, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. म्हणजे २४४ लिहायचे तर दोनशेचं, चाळीसचं आणि चारचं अशी चिन्हं शेजारी शेजारी ठेवायची. 'स्थानिक किंमत' शिकवताना मुलांना विचारा, "शून्य नसतं तर २०४ कसे लिहिले असते?" या पाठाचं साहित्य आपल्या तालुक्यात दगडावर कोरून ठेवलेलं आहे.

*खोडदची दुर्बीण.* नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. एकूण ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. 'त्रिज्या आणि व्यास' शिकवताना पुस्तकातल्या बांगडीऐवजी ही तबकडी घ्या. त्रिज्या साडेबावीस मीटर. मैदानात दोरी धरून तेवढं वर्तुळ मुलांकडून आखून घ्या. मैदान अपुरं पडलं तर उत्तमच. ती तबकडी केवढी आहे ते आकडा न सांगता कळतं.

*बिबट्या.* जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. उसाच्या शेतात बिबट्या राहतो हे आपल्या मुलांना पुस्तकातून शिकायची गरज नाही. पण शाळेत येताना-जाताना एकटं चालायचं नाही, अंधार पडायच्या आत घरी पोचायचं, मोठ्याने बोलत जायचं, बॅटरी जवळ ठेवायची, वस्तीजवळ बछडे दिसले तर हात लावायचा नाही, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं, हे सगळं एका पानावर, मुलांना समजेल अशा मराठीत, आपल्याच शिक्षकाने लिहिलेलं असायला हवं. हे पान वाचून एक मूल जरी सावध झालं तरी ब्लॉग सार्थकी लागला.

*माळीण.* ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. डोंगरउतारावर नव्या भेगा पडणं, झाडं किंवा विजेचे खांब कलणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं, या खुणा डोंगराकडेच्या प्रत्येक शाळेतल्या मुलांना पाठ असाव्यात. राज्यभरासाठी काढलेल्या पुस्तकात दरडीला दोन-चार ओळीच मिळणार. आपल्याकडे तो पूर्ण पाठ असायला हवा, आणि तो आपणच लिहायला हवा.

याशिवाय हिरड्याचा हंगाम आहे, डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या आठवणी आहेत, आदिवासी पट्ट्यातली मुलं पहिलीला येताना घरून घेऊन येतात ते शब्द आहेत. हे शब्द आजी-आजोबांना विचारून, अर्थासकट लिहून ठेवले तर पुढच्या वर्षी नव्याने बदलून आलेल्या गुरुजींना पहिल्याच दिवशी मुलांचं बोलणं कळेल. हे काम पुण्या-मुंबईत बसलेल्या माणसाला जमणार नाही, आणि मागणीनुसार निबंध लिहून देणाऱ्या आजच्या यंत्रालाही जमणार नाही. त्याला तो शब्द कुणी सांगितलेलाच नाही.

आता काढायचा कसा?

१. ब्लॉगरवर जीमेलने आत जा. खातं वैयक्तिक, पण कायम वापरातलं असू द्या. दोन वर्षं न वापरलेलं खातं गुगल काढून टाकू शकतं.

२. नाव मराठीत ठेवा, पत्ता मात्र इंग्रजी अक्षरांत, छोटा आणि फोनवर सांगता येईल असा. शाळेचं नाव पत्त्यात घालू नका. उद्या बदली झाली तर ब्लॉग अडकतो.

३. युनिकोडमध्येच टाइप करा. मोबाईलवरचा मराठी कीबोर्ड युनिकोडच असतो. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली प्रश्नपत्रिका तशीच चिकटवली तर वाचणाऱ्याला नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसतात आणि ती शोधूनही सापडत नाही.

४. प्रत्येक पोस्टला इयत्ता आणि विषय असं लेबल द्या. पन्नास पोस्ट झाल्यावर हेच लेबल कामाला येतं. सुरुवातीला कंटाळा केला तर नंतर कुणाला काही सापडत नाही.

५. प्रसिद्ध केल्यावर ती पोस्ट साध्या, स्वस्त मोबाईलवर उघडून बघा. आपले पालक लॅपटॉपवर वाचत नाहीत. ड्राइव्हवरची फाईल जोडली असेल तर ती दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडते का तेही बघा. परवानगी द्यायची राहिलेली असते.

६. दर सुट्टीत बॅकअप घ्या. सेटिंगमध्ये त्याची सोय आहे. फुकटच्या जागेवर आपण भाडेकरूच असतो. गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये बंद झालं तेव्हा तिथलं सगळं लिखाण गेलं. डिसेंबर २०२० मध्ये फ्लॅशचा आधार संपला आणि मुलांचे कितीतरी गणिती खेळ चालेनासे झाले. साधा मजकूर आणि साधी चित्रं जास्त टिकतात.

हे करू नका

मुलांचे फोटो, पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता टाकू नका. कौतुकाच्या भरात आपण गुणपत्रकाचासुद्धा फोटो टाकतो. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या लेकराचा फोटो अनोळखी माणसाने डाउनलोड केलेला आपल्याला चालेल का? मुलाची वही दाखवा, चित्र दाखवा, हात दाखवा. चेहरा नको.

दुसऱ्याचा मजकूर आपल्या नावाने टाकू नका. बालभारतीची पुस्तकं बालभारतीच्याच संकेतस्थळावर फुकट मिळतात, तिथली लिंक द्या. सहकारी शिक्षकाची कल्पना वापरली तर त्याला विचारून त्याचं नाव लिहा. आपण मुलांना "बघून लिहू नका" म्हणतो ना, मग आपणही लिहायचं नाही.

जाहिरातींचा मोह आवरा. दोन पैसे मिळत असतील तर माझी ना नाही, पण चौथीच्या स्वाध्यायाच्या मधोमध कर्जाची जाहिरात आली आणि आईचं बोट चुकून त्यावर पडलं, तर ती माउली पुन्हा आपला ब्लॉग उघडणार नाही.

"सर, वेळ कुठे आहे?"

हा प्रश्न खरा आहे. ऑनलाइन माहित्या, पोषण आहाराच्या नोंदी, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं. यातून शिकवायलाच वेळ काढावा लागतो. त्यामुळे रोज लिहा असं मी म्हणणार नाही. महिन्याला एक पोस्ट लिहा. डी.एड.ला आपण पाठ टाचण काढायला शिकलो, आजही काढतो. महिन्यातला जो पाठ चांगला जमला त्याचं टाचण घ्या आणि त्यात तीन गोष्टी घाला: मुलांनी काय विचारलं, कुठे अडलं, पुढच्या वेळी काय बदलणार. झाली पोस्ट. वर्षाला दहा आणि दहा वर्षांत शंभर. आपली बदली झाली तरी ते शंभर पाठ मागच्या शाळेलाही वापरता येतील.

"व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं की झालं" असंही काही जण म्हणतात. आजच्या निरोपासाठी व्हॉट्सअ‍ॅप उत्तमच आहे. पण जूनमध्ये टाकलेला पाठ मार्चमध्ये शोधून बघा. मोबाईल भरला म्हणून पालकांनी तो कधीच पुसलेला असतो, आणि पुढच्या वर्षीच्या पालकांना तो मिळतच नाही. ब्लॉगवरचा पाठ मात्र जागेवर राहतो.

पालकांनाही एक विनंती. गुरुजींच्या ब्लॉगवर तयार उत्तरं मागू नका. मुलाला प्रश्न वाचून दाखवा आणि त्याचं उत्तर ऐकून घ्या. तुमच्या शेतातलं, घरातलं, आजीच्या तोंडचं काही शिक्षकाला सांगण्यासारखं असेल तर जरूर सांगा. गावचा ब्लॉग गुरुजी एकटे लिहू शकत नाहीत.

येत्या रविवारी अर्धा तास काढा. पहिल्या पोस्टमध्ये स्वतःचा परिचय, फोटो, पुरस्कार काही नको. आपल्या शाळेच्या दारातून काय दिसतं आणि त्यातून मुलांना काय शिकवता येईल, एवढंच लिहा.