आधी फोटो सांगा, मग लेन्स घ्या

माझ्याकडे ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स आहे. तरीही रात्री मोबाइलवर एफ १.४ च्या किमती बघायचा मोह होतोच. दोन्हींत प्रकाशाचा फरक जेमतेम दोन-तृतीयांश स्टॉपचा. किमतीतला मात्र कित्येक पटींचा. आयएसओ थोडा वाढवला की ती कसर भरून निघते. हे ठाऊक असूनही मन ओढ घेतं, कारण खरेदी सोपी आणि पहाटे उठून बाजारात उभं राहणं अवघड.

आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी बहुतेक काम छोट्या लायका कॅमेऱ्यावर, ५० मिलिमीटरच्याच लेन्सने केलं. त्यांच्याकडची वाट पाहण्याची सवय दुकानात मिळत नाही.

नवं काही घेऊच नये, असं माझं म्हणणं नाही. पक्षी टिपणाऱ्याला टेलिफोटो लागतेच. पण हातातल्या कॅमेऱ्याने नेमका कोणता फोटो निघत नाही, हे आधी सांगता आलं पाहिजे. तोवर पैसे प्रिंटवर खर्च करावेत. ज्या भाजीवाल्या चाचींचा फोटो आपण काढतो, त्यांच्या हातात तो कागदावर पडू दे. लेन्स कोणती होती, हे त्या विचारणार नाहीत.