मेट्रो आली, एसटी गेली, आई दमली

गेल्या सेमिस्टरला आई पहिल्यांदाच माझं हॉस्टेल बघायला आली. सिन्नरहून, एसटीने. सोबत लाडवांचा डबा, चिवडा, एक गोधडी आणि मी नको नको म्हणत असताना पाच किलो बाजरीचं पीठ. हॉस्टेलवर त्या पिठाचं मी काय करणार होतो ते तिलाच ठाऊक! "शिवाजीनगरला उतरते, तू ये घ्यायला," एवढंच फोनवर बोलली. मी आपला शिवाजीनगर रेल्वे स्टेशनच्या दारात उभा आणि ती वाकडेवाडीला. वीस वर्षांपूर्वी मामाकडे यायची तेव्हा ती स्टेशनशेजारच्या स्टँडवर उतरायची. तिच्या डोक्यात शिवाजीनगर म्हणजे तेच. चूक माझी, मी सांगायला हवं होतं.

वाकडेवाडीला पोचलो तर एका रिक्षावाल्या काकांनी शंभर रुपये सांगितले. आई म्हणाली, "शंभर? चल, पायी जाऊ." आईचे गुडघे, पाच किलो पीठ आणि आपल्याकडचे फूटपाथ. पुढचं लिहीत नाही. हॉस्टेलवर पोचल्यावर ती अर्धा तास कॉटवर बसून होती आणि लाडवाचा डबा मात्र तेवढ्यात विंगमधल्या पोरांनी संपवला.

तर मित्रांनो, विषय मेट्रोचा आहे.

मी मेट्रोच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर आमचे ट्रान्सपोर्टेशनचे सर व्हायवाला घेतील माझी. रेंजहिल्स ते स्वारगेट हा टप्पा जमिनीखालचा. बोगदा टीबीएमने होतो, पण स्टेशनासाठी वरूनच मोठा खड्डा घ्यावा लागतो. तो घ्यायचा म्हणून २०१९ च्या अखेरीस एसटी स्टँड वाकडेवाडीला डेअरीच्या जागेत हलवला. इथपर्यंत ठीक. ऑगस्ट २०२३ मध्ये मेट्रो शिवाजीनगरहून जिल्हा न्यायालयापर्यंत धावायला लागली, सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत गेली. एसटी मात्र परत आली नाही. म्हणजे बघा, पूर्वी लोकल, एसटी आणि सिटी बस एका हाकेच्या अंतरावर होत्या. त्यात चौथी मेट्रो आली आणि त्याच पायी एसटी उठून दीडेक किलोमीटर लांब गेली. सोय वाढली की कमी झाली, हे ज्याने त्याने आपली बॅग उचलून ठरवावं.

"अरे मग ओला-उबर कर ना," असं आमचा रूममेट म्हणतो. तो करू शकतो. दिवाळीनंतर पहाटे साडेचारला नाशिक गाडीतून उतरणारे सगळे करू शकत नाहीत. जुन्नर-नारायणगावकडून भाजीची पाटी घेऊन येणाऱ्या मावशी तर नाहीच नाही. आणि ज्या प्रवाशाला शेवटच्या दीड किलोमीटरसाठी रिक्षाच करायची आहे, तो मेट्रोचं दहा रुपयांचं तिकीट कशाला काढेल? तो सरळ घरापर्यंत रिक्षा करेल, किंवा पुढच्या वर्षी टू-व्हीलर घेईल. आपल्या पार्किंगमध्ये बघा, उत्तर तिथे ओळीने उभं आहे.

गंमत म्हणजे हे सगळं कागदावर आहे. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणात स्टेशनच्या दोन्ही बाजूंना पाच किलोमीटरपर्यंतच्या परिसराचा विचार सांगितलाय. त्यात फीडर बस, पायी आणि सायकलने येण्याचे रस्ते प्रकल्प अहवालातच धरायचे आहेत. आयआरसी १०३ मध्ये फूटपाथची मोकळी रुंदी निदान १.८ मीटर, वर २.२ मीटर उंची मोकळी, कर्बची उंची १५० मिमीपेक्षा जास्त नको. थर्ड इयरला आपण हे पाठ करतो, लिहितो, विसरतो. मोकळी रुंदी म्हणजे डीपी, झाड, पाटी आणि उभ्या केलेल्या गाड्या सोडून उरते ती, हा शब्द परीक्षेत नेहमी निसटतो. रस्त्यावर तर तो निसटलेलाच असतो.

आता खरा प्रश्न पुढचा आहे. हिंजवडीची २३ किलोमीटरची लाइन जिल्हा न्यायालयापाशीच येऊन संपणार अशी आखणी आहे. आपल्यातले निम्मे जण इंटर्नशिपला तिकडेच जातात, त्यामुळे हा आपल्या पोटाचा विषय आहे. या जागी एक लाइन जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर, बाकीच्या दोन डोक्यावर. म्हणजे नुसतं गाडी बदलायला दहा-अकरा मजल्यांची चढउतार. सरकते जिने आहेत, लिफ्ट आहेत, मान्य. पण गेटबाहेर आल्यावर काय? सिटी बस कुठे थांबणार, रिक्षा कुठे रांग लावणार, शिवाजीनगरच्या लोकलकडे जाणारी वाट कुठली, हे स्टेशनच्या ड्रॉइंगमध्येच हवं. "आधी चालू करू, मग बघू" या वाक्याचं काय होतं ते वाकडेवाडीला जाऊन बघावं.

आणि शिवाजीनगरच्या जुन्या जागेवर नवं एसटी स्थानक व्यापारी संकुलासकट बांधायचं म्हणतात. बांधा की! पैसा लागतो, दुकानांतून येतो, कळतं आम्हालाही. पण फलाट तळमजल्यावर आणि मेट्रोच्या दाराशी हवेत, मॉल त्यांच्या वर. उलटं झालं तर पिठाची पिशवी घेऊन माणूस मॉलला वळसा घालत बसेल.

आमच्या सिव्हिलवाल्यांना एक सुचवतो. दरवर्षी बी.ई. प्रोजेक्टला कुठल्यातरी काँक्रीटमध्ये फ्लाय अॅश घालून क्यूब फोडण्यापेक्षा एक ग्रुप वाकडेवाडी ते न्यायालय या पट्ट्यात उतरवा. सर्व्हे लॅबमधून टेप घ्यायचा, सकाळी आठ ते दहा माणसं मोजायची, मोकळी रुंदी मोजायची, कुठे रस्ता ओलांडायला किती वेळ लागतो ते लिहायचं. सरांनी परवानगी दिली तर मी येतो, मेकॅनिकलचा असलो तरी. चहा माझा.

फेब्रुवारीत गॅदरिंगला आई परत यायचं म्हणतेय. या वेळी मी वाकडेवाडीलाच जाऊन उभा राहणार आहे. पीठ आणू नको म्हणून सांगितलंय. ती "बरं" म्हणाली, म्हणजे आणणारच.